चार पाती, चार दांड्या

शामला गेली तो नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, दुसरा दिवस होता. दुपारी जेवून मी समोरच्या खोलीत कूलरपुढे खाटेवर पडलो. ती म्हणाली, भांडी आवरून येते. मला लगेच झोप लागली. जाग आली ती लाइट गेली म्हणून. कूलर थांबला, घर एकदम शांत झालं आणि मी उठून बसलो. सव्वाचार वाजले होते. तिची गादी भिंतीशी गुंडाळलेलीच होती.

स्वयंपाकघरात ती ओट्याखाली बसली होती, पाठ सिलिंडरला टेकलेली. नळ बारीक चालू होता. मी आधी नळ बंद केला. का केला ते मला अजून सांगता येत नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं तपासलं आणि मला बाहेर घेऊन आला. म्हणाला, हार्टचा झटका होता. मग विचारलं, "त्रास किती वाजता सुरू झाला?"

"माहीत नाही."

"घरात कोण होतं?"

"मी होतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी घरी आणलं तेव्हा शेजारच्या अंजनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचं आणि आमचं स्वयंपाकघर समोरासमोर आहे, मध्ये चार फुटांची बोळ. त्या रडत रडतच म्हणाल्या, "भाऊ, दोनदा हाक मारली तिनं. 'आयकलं का जी' म्हणे. मले वाटलं तुम्ही घरीच हा, त मी काहून जाऊ? मी गेली असती त..."

बायकांनी त्यांना आत नेलं. मी तिथंच उभा राहिलो. भिंतीपलीकडे ऐकू गेलं आणि मला गेलं नाही.

मी कूलर बनवतो. वाठोड्याला माझी शेड आहे. पत्र्याची बॉडी, आत मोटर, पंखा, पाण्याचा पंप, तीन बाजूंना गवताच्या ताट्या. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. नागपूरचं गिऱ्हाईक कूलर घ्यायला आलं की म्हणतं, चालू करून दाखवा. चालू केला की डोळे मिटून समोर उभं राहतं. आवाज मोठा असला तर मान हलवतं. कमी असला तर म्हणतं, "हवा नाही मारत हो हा." खरं तर हवा तेवढीच असते. पण इथं आवाज म्हणजे हवा असंच लोक धरून चालतात, आणि मीही धरून चाललो. आवाज कमी करायचा प्रयत्न मी कधी केला नाही.

घरचा कूलर सहा वर्षांपूर्वी मीच बनवला. सोळा इंची पंखा, मिनिटाला चौदाशे फेरे घेणारी मोटर. शामला पहिल्याच दिवशी म्हणाली, "घरात माणूस झोपते का हेलिकॉप्टर उतरते?" त्यानंतर दर उन्हाळ्यात एकदा तरी ती म्हणायचीच, "जगाचे कूलर करता, माह्या घरातल्याचा आवाज तेवढा कमी करा न जी." मी म्हणायचो, करू. तिनं त्यावर आपला मार्ग काढला होता. बोलायचं असलं की ती आधी येऊन कूलरचं बटन बंद करायची, मग बोलायची. सहा वर्षांत आमच्या घराची ती रीतच झाली होती. बटन बंद झालं की मी समजायचो, काहीतरी सांगायचं आहे.

त्या दिवशी तिला बटनापर्यंत येता आलं नाही.

तेरवी झाली. नातलग गेले. गार्गी थांबली. गार्गी म्हणजे शामलाच्या बहिणीची, देवकीची मुलगी, नरखेडची. आम्हाला मूलबाळ नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं ती आमच्याकडे राहून शिकली, याच कूलरपुढे झोपली. परीक्षेच्या दिवसांत शामला तिच्या कानात कापूस घालून द्यायची. आता ती पुण्यात एका कंपनीत आहे. गाडीच्या एसीतून हवा येते तिचा आवाज किती होईल, हे वस्तू बनवायच्या आधीच कॉम्प्युटरवर काढायचं, हे तिचं काम. शामलानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की आमची गार्गी हवेचा आवाज मोजते. लोक हसायचे. गार्गी म्हणायची, "मावशी, इंटरव्ह्यूत मले विचारलं हाच विषय काहून घेतला, त मी काकाजीच्या कूलरचं नाव सांगितलं."

ऑफिसनं तिला महिनाभर इथून काम करू दिलं. दोन दिवस तिनं पाहिलं की बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहे आणि मी कूलर लावत नाही.

"काकाजी, कूलर काहून नाही लावून राहिले?"

मी तिला अंजनाबाईंचं सांगितलं. डॉक्टरनं काय विचारलं तेही सांगितलं. मग मीच विचारलं, "तुह्या कॉम्प्युटरवर हे निघते का? मले ऐकू येण्यासारखं होतं का नव्हतं, एवढंच."

"नका विचारू काकाजी."

"निघते का ते सांग."

"निघते. पूर्ण नाही निघत, पण अंदाज येते. मात्र उत्तर काही बी आलं तरी तुमाले त्रासच होईन."

"डॉक्टरनं विचारलं तवा मी माहीत नाही म्हटलं," मी म्हणालो. "घरात असून माहीत नाही. आता तरी माहीत पाहिजे."

ती रात्रभर विचार करते म्हणाली. सकाळी चहा पिताना म्हणाली, "पंखा खोला."

प्रेमानंदला बोलावलं. तो माझ्याकडे बावीस वर्षांपासून वेल्डिंग करतो. त्यानं कूलरची मागची ताटी काढली, पंखा आणि मोटर स्टँडसकट बाहेर आणून चटईवर ठेवली. गार्गीनं वहीत मापं घ्यायला सुरुवात केली. पात्याची लांबी, मुळाशी रुंदी, टोकाशी रुंदी, तिरपेपणा. मग पुठ्ठा कापून पात्याच्या वाकाला तीन जागी लावला, कोन किती ते पेन्सिलीनं आखून घेतलं. चारही पात्यांचं वेगवेगळं. प्रेमानंद कंटाळला.

"पोरी, पंख्याचं लगन जुळवून राहिली का वं? पत्रिका मांडल्यावानी लिहिते."

"प्रेमानंदकाका, तुमचं एक पातं दोन मिलिमीटर वर आहे."

"थे मशीनचं हाय, माहं नाही."

किती तरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं. मग तिनं स्टँडला हात लावला. मोटर ज्यावर बसते तो स्टँड, मधून चार बाजूंना गेलेल्या चार लोखंडी दांड्या. हवा आतून येते, आधी दांड्यांवरून जाते आणि मग पंख्यावर. तिनं दांडी आणि पातं यांच्यातली जागा मोजली.

"एकच इंच? इतकं जवळ काहून?"

"आधी तीन इंच ठेवत होतो. फ्लॅटवाले म्हणे बाल्कनीत मावत नाही, बॉडी पातळ करा. तवापासून एक इंच."

"आणि दांड्या चार?"

"पाती चार, म्हणून दांड्या चार. दिसायले बरं दिसते. आधी तीन होत्या."

तिनं वहीत लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या.

कंपनीचं सॉफ्टवेअर घरच्या कामाला वापरता येत नाही, म्हणून तिनं फुकट मिळतं ते घेतलं. पंख्याचं चित्र लॅपटॉपवर तयार केलं. दोन दिवस लागले. मग पंख्याच्या सगळ्या बाजूंची हवा तिनं बारीक बारीक चौकटींत कापली. मला दाखवलं. पात्याच्या कडेला चौकटी इतक्या दाट होत्या की नुसता काळा रंग दिसत होता. म्हणाली, सत्तर लाख चौकटी आहेत. प्रत्येकीत हवा कुठं चालली, किती जोरानं, किती दाबानं, हे कॉम्प्युटर काढतो. मग पंखा अर्धा अंश फिरवतो आणि सगळं पुन्हा काढतो. मग पुन्हा अर्धा अंश.

"आणि आवाज?"

"पात्यावरचा दाब वर-खाली होते न, त्यातूनच आवाज निघते. दाबाचा हिशोब ठेवायचा. मंग जिथं ऐकायचं तिथं एक कान ठेवायचा. खरा नाही, नुसती जागा सांगायची, की इथं कान आहे. तिथपर्यंत काय पोचलं ते निघते."

"माह्या उशीवर ठेव," मी म्हणालो.

त्यासाठी मापं पाहिजे होती. मी खाटेवर जसा त्या दिवशी होतो तसा डाव्या कुशीवर पडलो. गार्गीनं टेप लावली. पंख्यापासून माझ्या कानापर्यंत नऊ फूट चार इंच. जमिनीपासून एक फूट दहा इंच. मग स्वयंपाकघरापासूनचं माप घ्यायचं होतं. टेपचं दुसरं टोक सिलिंडरपाशी कुणीतरी धरायला हवं होतं. मी उठलो, पण माझ्यानं तिकडं जाववलं नाही. गार्गीनं खिडकीतून अंजनाबाईंना हाक मारली. त्या आल्या आणि टोक धरून ओट्याखाली बसल्या.

"काय मोजता वं बाई?"

गार्गीनं सांगितलं. अंजनाबाईंनी टेप सोडली नाही, पण पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पहिली हाक मोठी होती. रोजच्यावानी. दुसरी बारीक होती. दोन्हींत भाजीले फोडणी देऊन होईन इतका वेळ गेला."

गार्गीनं तेही लिहिलं. बावीस फूट, मध्ये एक दार, दार उघडं.

लॅपटॉप कामाला लागला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. खोलीत इतकी गरमी होती की त्याच्या पोटातला छोटा पंखा किंचाळत होता तरी तो तापत होता. गार्गीनं त्याच्याखाली ताट उपडं घातलं, ओला रुमाल बाजूला ठेवला. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली.

"काकाजी, असं त होणार नाही. थंड जागा पाहिजे."

थंड जागा एकच होती, कूलरपुढची. प्रेमानंदनं पंखा पुन्हा बसवून दिला होता. मी उठून बटनापाशी गेलो. तीन आठवडे मी त्याला हात लावला नव्हता. ती म्हणाली, "पाणी नको, पंप बंद ठेवा, लॅपटॉप ओला होईन. नुसती हवा." मी बटन दाबलं. तोच आवाज. गार्गीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी बाहेर जाऊन दारासमोरच्या ओट्यावर बसलो. बाहेरही ऐकू येत होता.

पंख्याचे बारा फेरे काढायचे होते. खरा पंखा बारा फेरे अर्ध्या सेकंदात घेतो. लॅपटॉपला नऊ दिवस लागले. मी शेडवर जायचो, दुपारी यायचो, गार्गी एका कोपऱ्यात ऑफिसच्या लॅपटॉपवर आपलं काम करत असायची आणि कूलरपुढच्या टेबलावर ते गणित चालू असायचं. कधी ती चित्र उघडून दाखवायची. निळा, पिवळा, लाल. दांडीच्या मागे हवेच्या चिंध्या झालेल्या दिसायच्या आणि पातं त्या चिंध्यांवर आदळलं की कडेला लाल डाग यायचा. चारही पात्यांना एकाच वेळी. अठ्ठावीस वर्षं मी हवा विकली, पण ती अशी असते हे माहीत नव्हतं. शामला असती तर म्हणाली असती, पाहा, मी काय म्हणत होती.

जेवायला बसलो की कूलर बंद करायचो, तेवढ्या वेळात ती तिच्या लहानपणचं काही सांगायची. एकदा म्हणाली, मावशी मला रागवायची तेव्हासुद्धा आधी बटन बंद करायची, त्यामुळे मला पळायला वेळ मिळायचा.

नऊ दिवस झाल्यावरही तिनं लगेच सांगितलं नाही. म्हणाली, एक अजून लावलंय, ते होऊ द्या. मी विचारलं, काय लावलंय? म्हणाली, तपासून पाहायला लागतं. आणखी नऊ दिवस गेले. जुलै लागला. तिची पुण्याची तारीख जवळ आली.

त्या दिवशी तिनं कूलर बंद केला आणि मला समोर बसवलं. लॅपटॉपवर एक रेघ होती, वर-खाली जाणारी, आणि तिच्यात सुरुवातीलाच एक उंच सुळका.

"हा तुमचा आवाज. उशीपाशी बहात्तर डेसिबल. यात भिंती धरल्या नाही, भिंतीवरून आवाज परत येते, थे मी वेगळं मोघम जोडलं. दोन-तीन इकडे-तिकडे होईन."

"आणि तिची हाक?"

"बावीस फुटांवरून, दारातून वळून येणारी मोठी हाक. बायकांची सरासरी घेतली त पंचावन्नच्या आसपास. बारीक हाक चाळीस. आणि हा जो सुळका आहे न, याच्यामुळं त्याच्याहून वरच्या पट्टीचे आवाज बी दबतात. माणसाचा आवाज तिथंच येते." ती माझ्याकडे वळली. "काकाजी, तुमाले ऐकू येणं शक्यच नव्हतं. जागे असते तरी नसतं आलं. तुमची काही चूक नाही."

तिला हे मला द्यायचं होतं. त्यासाठीच तिनं महिना घालवला हे मला दिसत होतं. मलाही ते घ्यायचं होतं. मी मान हलवली. थोडा वेळ बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही.

पण स्क्रीनवर खाली अजून एक फिकी रेघ होती. तिच्यात तो सुळका नव्हता.

"ही कोणती?"

"थे असंच. तपासायले."

"गार्गी."

ती लॅपटॉप मिटायला गेली. मी हात धरला. ती म्हणाली, "पंखा तोच. मोटर तीच. फक्त दांड्या पाच केल्या आणि अंतर तीन इंच केलं. चार पाती आणि चार दांड्या असल्या की चारही पाती एकदम चारही दांड्यांपुढून जातात. सेकंदाले त्र्याण्णव वेळा. चार जणांनी एकदम घण मारल्यावानी. पाच दांड्या असल्या की एकेक पातं वेगवेगळ्या वेळी जाते, ठोका एकदम पडत नाही. आणि दूर असलं की हवा तिथपर्यंत थोडी सावरते. मी रोज पुण्यात हेच करते काकाजी. मापं घेतली त्या दिवशीच मले दिसलं होतं."

"किती झाला?"

"बासष्ट."

"मंग हाक?"

"मोठी हाक... जागा माणूस असता त कदाचित. नक्की नाही."

"झोपलेला?"

"थे यात नाही. मी कान ठेवू शकते. झोपलेला माणूस कितीवर उठते, याचं गणित माह्यापाशी नाही. कोणी चाळीसले उठते, कोणी ऐंशीले नाही. ती रोज हाक मारायची, त्या आवाजाची तुमाले सवय होती, सवयीचा आवाज लवकर..." ती बोलता बोलता थांबली. आपण काय बोलतो आहोत हे तिच्या लक्षात आलं.

मी कूलरकडे पाहिलं. झोपेत माझी चूक नव्हती हे खरं. झोपेच्या आधी सहा वर्षं तो स्टँड मी माझ्या हातानं पुढं सरकवला होता. तीनच्या चार दांड्या केल्या होत्या, दिसायला बरं दिसतं म्हणून. आणि ती दर उन्हाळ्यात सांगत होती. तिला चौकटी, रेघा काही माहीत नव्हतं. ती नुसती म्हणत होती, आवाज फार आहे.

"मी दाखवायले नको होतं," गार्गी म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "विचारलं मी. तू बरोबर केलं."

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. जाताना वहीतलं पान फाडून देऊन गेली, पाच दांड्यांचं चित्र आणि मापं. खाली लिहिलं होतं, दांड्या समान अंतरावर, धार गोल करा, तीन इंचांपेक्षा कमी नको.

प्रेमानंदला पान दाखवलं. तो म्हणाला, "मालक, पाच भाग पाडायले मले नवा साचा बनवा लागन. आणि आवाज कमी झाला त गिऱ्हाईक म्हणन मोटर मेली."

"म्हणू दे."

"बॉडी बी जाड होईन. फ्लॅटवाले?"

"त्याईले सांगू."

त्यानं साचा केला. दिवाळीनंतर आम्ही नव्या मोसमाची बॉडी कापायला घेतो, तेव्हापासून सगळे कूलर पाच दांड्यांचे. पहिला तयार झाला तेव्हा प्रेमानंद आणि मी शेडमध्ये त्याच्यासमोर उभे राहिलो. आवाज होता, पण तो भणभणाट नव्हता. हवेचाच आवाज होता. प्रेमानंद नेहमीच्या आवाजात म्हणाला, "बाप्पा, तुमचं बोलणं आयकू येऊन राहिलं." मग तो वेल्डिंगकडे गेला आणि बराच वेळ मागं वळून पाहिलं नाही.

मार्चमध्ये गिऱ्हाईक यायला लागलं. पाचपावलीहून एक माणूस आला, कूलरपुढे डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "हा मारत नाही हो." प्रेमानंदनं जाळीला एक रिबीन बांधली. ती सरळ आडवी उडाली. त्या माणसानं रिबीन पाहिली, पुन्हा कान लावला, आणि चार दांड्यांचा जुना एक शिल्लक होता तोच मागितला. मी म्हटलं, तो विकायचा नाही. तो दुसऱ्या दुकानात गेला. असे पाच-सहा गेले. काही थांबलेही.

सहा वर्षांत मी चार दांड्यांचे किती कूलर विकले ते मोजलं नाही, पण ते घरोघरी आहेत. ज्यांचे पत्ते आठवतात त्यांच्याकडे प्रेमानंद आणि मी रविवारी जातो, स्टँड बदलून देतो. लोक विचारतात, बिघडला का? आम्ही म्हणतो, नाही, सुधारला. अंजनाबाईंच्या माहेरी कन्हानला एक होता, तोही बदलला. त्या बरोबर आल्या होत्या. परत येताना गाडीत म्हणाल्या, "भाऊ, मी त आयकलं होतं. मी बी उठली नाही." मी म्हटलं, तुमचा दोष नाही. त्या म्हणाल्या, "मंग तुमचा बी नाही." दोघांनाही ते पटलं नाही.

गार्गीचा फोन दर आठवड्याला येतो. आधी तब्येत विचारते, जेवलो का विचारते, मग विचारते, "घरचा बसवला का काकाजी?" मी म्हणतो, बसवतो. ती म्हणते, "गणित ते गणितच असते. खरं काय ते बसवून पाहिल्याशिवाय नाही कळत. मी येते, मी स्वयंपाकघरात उभी राहून हाक मारते, तुम्ही खाटेवर पडा." मी म्हणतो, ये, सवडीनं.

घरच्या कूलरसाठी पाच दांड्यांचा स्टँड प्रेमानंदनं दिवाळीतच करून दिला. गोल धारेचा, रंग मारलेला. तो खाटेखाली ठेवला आहे. मे लागला आहे. दुपारी मी कूलर लावून त्याच खाटेवर पडतो, पण झोपत नाही. मध्येच उठून बटन बंद करतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा चालू करतो.

स्टँड बदलायला अर्धा तास लागेल. मग कूलर चालू करून कुणीतरी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून हाक मारायची आणि मी इथं डाव्या कुशीवर पडून ऐकायची. तेवढं करायचं राहिलं आहे.